थकलेले हात, गेलेली माणसं: आवडत्या गिटारवाल्यांबद्दल तुमचे अनुभव

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. पार्किन्सन्समुळे त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्नला उभं राहणं जमत नव्हतं. सिंहासनासारख्या खुर्चीत बसून तो गायला आणि २२ जुलैला गेला. या धाग्याचं निमित्त ते.

त्याची चित्रफीत पाहताना माझे डोळे मात्र गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हातावर होते. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली, दोन बोटं अधू असूनही जगाला थक्क करणाऱ्या वादकाची. मग आयोमीने भांड्यांच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. पुढे तारा दाबायला सोप्या जाव्यात म्हणून त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. हेवी मेटलचा तो जड, खोल आवाज या बोटांमधून आला. सत्याहत्तरी ओलांडल्यावरही तोच हात, तशीच टोपणं.

आपण या लोकांची पोस्टरं भिंतीला लावली तेव्हा ते पंचविशी-तिशीतले होते. रेकॉर्डवर ते तिथेच राहतात. पण बोटं आखडतात, आवाज उतरतो, ऐकू कमी येतं, आणि तरीही काही जण वाजवत राहतात. ते उतारवयातलं वाजवणं मला आता जास्त जवळचं वाटतं. तुम्ही ते कसं ऐकता? तुमचा माणूस गेला असेल तर त्याबद्दलही लिहा. सर्वोत्तम दहाची यादी नको, त्यावर भांडणं पुष्कळ झाली. एक माणूस घ्या आणि एकच गोष्ट नीट सांगा.

कॅसेटवाला

माझा माणूस मार्क नॉफ्लर. सांगलीत तेव्हा इलेक्ट्रिक गिटार शिकवणारं कोणी मला तरी माहीत नव्हतं. त्याच्या डायर स्ट्रेट्स बँडची कॅसेट, तिच्यातलं 'सुल्तान्स ऑफ स्विंग', आणि रिवाइंडचं बटण, एवढाच क्लास. शेवटी शेवटी डी मायनर, सी, बी फ्लॅट अशा कॉर्डचे सूर सुटे करून तो झरझर उतरवतो, तो तुकडा ऐकून ऐकून टेप घासली. प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने, तो आवाज काही निघेना. पुढे कधीतरी एका मासिकात फोटो पाहिला आणि उलगडा झाला: त्याच्या हातात प्लेक्ट्रमच नव्हतं! अंगठा आणि पहिली दोन बोटं, नुसती कातडी तारेवर. तार मारत नाही, चिमटीत धरून सोडतो. त्यामुळे प्रत्येक सुराच्या सुरुवातीला तो छोटासा 'टक्' येतो.

मार्च २००३ मध्ये लंडनला त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. गळपट्टीचं हाड, खांद्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या. आता हा माणूस पुन्हा कसला वाजवतोय, असं वाटलं होतं. पण २००५ मध्ये तो मुंबईत आला आणि मी मैदानात उभा होतो. मागच्या गर्दीतून बोटं दिसणं शक्य नव्हतं, पण तो 'टक्' स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आला. शेजारी उभा असलेला माझा मित्र हे वाचेलच, त्यालाही तो आठवत असणार.

आता तो पंचाहत्तरीच्या पुढे आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याने आपल्या शंभराहून जास्त गिटार ख्रिस्टीज या लिलावघरात विक्रीला काढल्या. ऐंशी लाख पौंडांहून जास्त जमले, त्यातला एक हिस्सा दानात गेला. त्याच वर्षीच्या 'वन डीप रिव्हर' अल्बममध्ये आवाज बोलण्याच्या पट्टीपर्यंत खाली आलाय, गिटार दोन सूर देते आणि थांबते. पूर्वीची ती झरझर त्यात नाही, आणि मला ती हवीशीही वाटत नाही. काय गाळायचं हे त्याला आता नेमकं कळतं.

त्याच वर्षी त्याने आपली 'लोकल हिरो' चित्रपटाची धून कॅन्सरग्रस्त तरुणांच्या मदतीसाठी पुन्हा केली. जगभरचे कितीतरी गिटारवादक त्यात आहेत. सुरुवात होते जेफ बेकच्या गिटारने. ते त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण. धून प्रसिद्ध झाली तेव्हा बेकला जाऊन वर्ष उलटलं होतं. पहिले काही सूर तो एकटा वाजवतो, नंतर बाकीचे येतात. कृपया हेडफोन लावून ऐका.

न्यूरो_पूर्वा

मी नाशिकला न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघात, मेंदूतला रक्तस्राव, हे माझं रोजचं काम. म्हणून माझी निवड गायिका-गिटारवादक जोनी मिचेल.

मार्च २०१५ मध्ये तिच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली. चालणं, बोलणं, सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. जुलै २०२२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात आली. त्याआधी तिथे ती गायली होती १९६९ मध्ये. बराच वेळ खुर्चीत बसून, सोबतच्यांच्या आधाराने गायली. मग उठून उभी राहिली, गिटार गळ्यात घातली आणि एका गाण्याची धून वाजवली. वाजवणं परत कसं आणलं, तर स्वतःचे जुने व्हिडिओ पाहून, बोटं कुठे ठेवत होते ते बघून, असं तिने सांगितलं.

माझ्या दृष्टीने यात एक फार मोठी गोष्ट आहे. तिला नवव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि डावा हात तेव्हापासूनच कमजोर. नेहमीच्या कॉर्ड धरणं अवघड जायचं, म्हणून तिने तारा वेगवेगळ्या सुरांत लावून घेतल्या आणि तिच्या गाण्यांचे ते अनोळखी, तरंगते कॉर्ड त्यातून निघाले. म्हणजे शरीर जे देत नाही त्याला वळसा घालून जायचं कसब तिच्याकडे आधीपासून होतं.

माझ्याकडे एक काका येतात, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. भाता मारायचा डावा हातच गेला होता. मी त्यांना न्यूपोर्टचा व्हिडिओ दाखवला. गाणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं, भाषाही नाही, पण ते तिच्या मनगटाकडे एकटक बघत राहिले. मग त्यांच्या मुलाने मोबाइलवर घेतलेलं एका एकादशीचं जुनं भजन शोधून काढलं आणि आम्ही व्यायामाच्या आधी रोज ते लावू लागलो. आता भाता हलतो. लयीत अजून नाही. काका येत राहतात.

अर्धविराम

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून आहे. थांबणंही मोठं असतं. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कात पिंक फ्लॉइड बँडचे चौघे कित्येक वर्षांनी एकत्र वाजले, शेवटी खांद्यांवर हात टाकून उभे राहिले. पुढच्या वर्षी बँडचा अगदी सुरुवातीचा गायक सिड बॅरेट गेला, २००८ मध्ये त्या चौघांतला कीबोर्डवादक रिचर्ड राइट. त्यानंतर पुन्हा एकत्र येण्याच्या सगळ्या गोष्टींना गिटारवादक डेव्हिड गिल्मोर नाही म्हणत आला. राइटशिवाय ते पिंक फ्लॉइड नाही, ही त्याची भूमिका मला पटते. २०१९ मध्ये त्यानेही आपल्या गिटार विकल्या आणि दोन कोटी डॉलरच्या वर आलेली सगळी रक्कम हवामान बदलाच्या लढ्याला दिली. ज्या काळ्या स्ट्रॅटवर 'कम्फर्टेबली नम्ब'चा सोलो वाजला, ती गिटारही. तो वाजवतो अजून, पण स्वतःच्या नावाने, नवीन गाणीही. जुनं नाव पुढे करून भरलेली मैदानं मला बघवत नाहीत.

मिरजेचा

पूर्वाताई, काकांबद्दल पुढेही लिहा.

मी वाद्यदुरुस्ती करतो. आमच्या मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंबोरे, सतारी होतात. भोपळा, लाकूड, जव्हारी यांच्यातच वाढलो, गिटार नंतर हातात आल्या. त्यामुळे मला क्वीन बँडचा ब्रायन मे सगळ्यांत जवळचा. १९६३ च्या सुमाराला पोराला चांगली गिटार हवी होती आणि घरात पैसे नव्हते, म्हणून बाप-लेकाने ती घरीच केली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. ट्रेमोलोला, म्हणजे सूर हलवायच्या यंत्रणेला, मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. पट्टीवरच्या खुणा शिंपल्याच्या बटणांच्या. प्लेक्ट्रम म्हणून सहा पेनीचं नाणं, त्याची दातेरी कड तारेवर हलकेच घासते आणि तो खरखरीत आवाज येतो.

जुनं लाकूड मिळालं तर कारागीर ते सोडत नाही, कारण त्यातला ओलावा कधीच निघून गेलेला असतो आणि ते पुढे वाकत नाही. साठ वर्षं झाली, क्वीनच्या सगळ्या अल्बमवर तीच गिटार आहे, आणि वडील गेल्यावरही ती वाजते आहे. ब्रायन मधेच सगळं बाजूला ठेवून २००७ मध्ये खगोलभौतिकीची अपुरी पीएच.डी. पूर्ण करून आला. २०२४ मध्ये त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका आला, डावा हात काही काळ ऐकेना. गिटार वाजवता येतेय, हे त्याने स्वतःच चाहत्यांना कळवलं. तो निरोप मी दुकानात उभ्या उभ्या वाचला आणि समोरच्या गिऱ्हाइकालाही वाचून दाखवला.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे बहुतेकांना माहीत असेल. इथून पाचगणी फार लांब नाही. त्या रस्त्याने गेलो की गाडीत क्वीनच लागते.

गिरगाववाली

गिटारवादक नाही, गायक-गीतकार. लेनर्ड कोहेन.

माझे वडील खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांच्या निरूपणाला बसायचे. महाराज मराठीत बोलत, परदेशी लोकांसाठी भाषांतर करणाऱ्यांत रमेश बाळसेकर होते, बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले. पुढे बाळसेकर स्वतःच्या घरी सत्संग घेऊ लागले आणि १९९९ मध्ये तिथे कोहेन येऊन बसायला लागला. कॅलिफोर्नियातला झेन मठ सोडून आला होता. केम्प्स कॉर्नरजवळच्या साध्या हॉटेलात उतरायचा, सकाळी सत्संगाला चालत जायचा. आयुष्यभर सोबत असलेलं नैराश्य याच काळात ओसरलं, असं तो नंतर सांगत असे. मुंबईत त्याला कोणी ओळखत नसे. मी तेव्हा त्याच रस्त्यावरून बसने कॉलेजला जात होते आणि वॉकमनवर त्याचीच कॅसेट असायची.

नंतर कळलं की तो मठात असताना त्याची आयुष्याची पुंजी दुसऱ्याच कुणी लंपास केली. म्हणून २००८ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. गरजेपोटी निघालेला माणूस टोपी काढून वादकांसमोर मान झुकवत, गुडघ्यांवर बसून गात होता. वर्षानुवर्षं. हयातीतला शेवटचा अल्बम त्याने घरी, पाठदुखीमुळे खास खुर्चीत बसून, मुलाच्या मदतीने केला. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये आला, ७ नोव्हेंबरला कोहेन गेला. शीर्षकगीतात तो 'हिनेनी' म्हणतो, हिब्रूत 'मी इथे आहे'. वडिलांना मी ते ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि संपल्यावर परत लावायला सांगितलं.

रंगभवन

आपल्या माणसाचं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो: नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्यूडस गायला, १९७८ च्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच रॉकचा बाज मराठी रंगमंचावर आणला. मराठी घरातल्या मुलाने असं गायलं तर चालतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. मुंबईत रॉकचे कार्यक्रम व्हायचे ते धोबीतलावचं रंगभवन त्याच्या बरंच आधी आवाजाच्या नियमांमुळे बंद पडलं होतं. ज्यांच्याकडे त्यांच्या कार्यक्रमांची जुनी ध्वनिमुद्रणं असतील त्यांनी ती डिजिटल करून ठेवा. कॅसेटला बुरशी लागते.

बार्देशकर

गोंयातून गायक रेमो फर्नांडिस. शिवोलीचा. १९८४ चा 'गोअन क्रेझी' त्याने घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर केला, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी दिल्या. त्यातली एक आमच्या मामाच्या दुकानात आली. आता सत्तरी उलटलीय त्याची, पण बासरी उचलली की श्वास तसाच लांब. रंगभवन, कॅसेटीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मामाकडची अजून वाजते, या रविवारी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो.