पहिलंच लाकूडकाम: खिडकीखालचं उघडं कपाट स्वतः करायचंय, सल्ला हवा

पायरी_तिसरी:
नमस्कार मंडळी. पुण्यात वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. हॉलच्या खिडकीखाली तीन फूट रुंद जागा आहे. तिथे पुस्तकं, लेकीची खेळणी आणि माझं शिवणकामाचं सामान मावेल असं उघडं कपाट हवंय. दारं नकोत, ड्रॉवर नकोत. एवढ्याशा कामाला सुतार यायला तयार नाहीत. ऑनलाइन दिसतात ती बहुतेक पार्टिकल बोर्डाची, पुस्तकांना नको वाटतात. घरात हातोडी, स्क्रू ड्रायव्हर आणि साधं ड्रिल आहे. रंधा आयुष्यात धरलेला नाही.
प्लाय घेऊ की लाकूड? कापायचं कशानं? आणि खिळे की स्क्रू?

रंधा_पटाशी:
ताई, करवतही घेऊ नका आणि मशीनही घेऊ नका. नवखा माणूस अडतो तो सरळ काप आणि काटकोन या दोनच जागी. त्यातला सरळ काप विकत मिळतो. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, प्लाय घ्या आणि तिथल्याच कटिंगवाल्याकडून तुकडे करून आणा. हातात मापं लिहिलेला कागद मात्र हवा, तोंडी सांगू नका.

मापं देतो. १८ एमएमची ८ x ४ फुटी शीट, म्हणजे २४४० x १२२० एमएम. लांबीच्या दिशेनं ३०० एमएम रुंदीच्या चार पट्ट्या काढायला सांगा. पातं प्रत्येक कापाला ३ एमएमच्या आसपास खातं, तरी चार पट्ट्या बसतात. तुम्हाला दोनच लागतील.
पहिल्या पट्टीतून: दोन बाजू ७५० च्या आणि तळ ८६४ चा.
दुसरीतून: वरची फळी ९००, मधली ८६४ आणि ३१९ चे दोन उभे तुकडे.

वरची फळी बाजूंच्या डोक्यावर बसेल, तळ आणि मधली फळी बाजूंच्या आत. तळ जमिनीपासून ७५ एमएम वर धरा, म्हणजे दोन्ही कप्पे ३१९ उंचीचे होतात आणि ए-फोर फाइल उभी राहते. ते उभे तुकडे प्रत्येक कप्प्याच्या मधोमध येतील. त्यांना शोभेचे समजून गाळू नका. पुस्तकं एकसारखी भरली, तर फळीची मोकळी लांबी दुप्पट झाली की बाक सोळापट होतो. तीन फुटांची फळी आधाराशिवाय पुस्तकांखाली हळूहळू झोळी होते.

दुकानात शीटची जाडी मोजा. १९ निघाली तर ८६४ च्या जागी ८६२ आणि ३१९ च्या जागी ३१८ लिहा.

फणसगरे:
प्लाय म्हणजे शेवटी गोंदात चिकटवलेले पापुद्रे. वखारीतून चांगलं सुकलेलं फणसाचं किंवा सागाचं लाकूड घ्या, नातवंडं वापरतील. हिशोब सोपा आहे: जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार भागिले १४४, की घनफूट आले. आमच्या रत्नागिरीकडे अजून लोक असंच करून घेतात.

रंधा_पटाशी:
फणसगरे, करून *घेतात*. ताईंना स्वतः करायचंय. फूटभर रुंद सलग फळी मिळणं मुश्कील, म्हणजे दोन फळ्यांचा सांधा आला, रंधा आला. वर पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्याला जागा ठेवायची अक्कल पहिल्या कामात कुठून येणार? प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून तो फारसा हलत नाही. साग दुसऱ्या कपाटाला.

फणसगरे:
बरं, दुसऱ्या कपाटाला नक्की विचारा मला.

एडिसनकर:
मी इथे न्यू जर्सीत पाइनच्या फळ्यांचं केलंय. इथे राहणाऱ्यांसाठी एकच सांगतो: दुकानात १ x १२ म्हणतात ती फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद असते. नकाशा त्यावर काढा.

पायरी_तिसरी:
रंधा_पटाशी काका, मापांबद्दल खूप आभार! कागदावर काढून बघितलं, जमतंय. प्लायमध्ये कुठला ग्रेड? आणि जोडायचं कसं ते राहिलं.

रंधा_पटाशी:
खिडकीखाली आहे, पावसाची झड येणार, म्हणून बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा ग्रेड घ्या. शीटवर आयएस ३०३ (भारतीय मानकाचा क्रमांक) याबरोबर बीडब्ल्यूआर छापलेलं बघा, कारण एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा कमर्शियल प्लायही आयएस ३०३ मध्येच येतो. मरीनची, म्हणजे आयएस ७१० ची, इथे गरज नाही.

जोडायला फेविकॉल आणि दीड इंची स्क्रू. खिळे नकोत, प्लायच्या कडेत ते सैल होतात. स्क्रू ४ एमएमचा असेल तर बाहेरच्या फळीत ४ चं आरपार भोक आणि कडेत ३ चं. हे कडेतलं भोक टाळलंत तर थर फाटतात. टोकापासून दोन इंच आत राहा. स्क्रूचं डोकं बुडवायला काउंटरसिंक बिट मिळतो.
खर्च करायचा तर एक गुण्या (काटकोन तपासायला) आणि चार क्लॅम्प (तुकडे घट्ट धरून ठेवायला) यावर करा. आधी सगळं फेविकॉलशिवाय जुळवून बघा.

चौकोनी_चिमणी:
पाठीबद्दल कुणीच बोललं नाही! मागे ६ एमएम प्लाय लावाच. पाठ नसेल तर कितीही स्क्रू मारा, कपाट डुलतं. लावायच्या आधी समोरून दोन्ही कर्ण टेपनं मोजा. सारखे आले की चौकट काटकोनात आहे, नसतील तर लांब कर्णाच्या टोकांना दाबून सारखे करा आणि मग पाठ ठोका. पूर्ण शीट घेऊ नका, दुकानात तुकडा विचारा.

घरात लहान मूल आहे म्हणताय, तर कपाट वरून एल-अँगलनं भिंतीला बांधा. घरमालकाला आधी विचारा. भिंत हलक्या एएसी (सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकची असेल तर साधा प्लग धरत नाही, त्यासाठीचा वेगळा मागा. आणि सोसायटीत ड्रिलची वेळ बघा, आमच्याकडे दुपारी दोन ते चार भांडणाची वेळ असते.

पायरी_तिसरी:
कर्णांचं माहीतच नव्हतं. सनमायका लावणं मला झेपेल का?

चौकोनी_चिमणी:
पहिल्यांदा नको. एसआर (सनमायकाचा गोंद) लावून सनमायकाचा पत्रा एकदा चिकटला की सरकवता येत नाही. त्याऐवजी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, मग २२० नं, आणि पाण्यातल्या पीयू पॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये २२० फिरवत. वास कमी येतो. मास्क लावा, प्लायची धूळ वाईट. समोरच्या कडांवर सागाची बारीक पट्टी (लिपिंग) चिकटवली की थर झाकले जातात.
बाजूंची खालची टोकं विसरू नका. फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं. तिथे पीयूचा जास्तीचा हात आणि रबरी बूश.

पायरी_तिसरी:
शनिवारी जाते. तुकडे रिक्षात मावतील ना?

रंधा_पटाशी:
सगळ्यात लांब तुकडा ९०० चा, मावेल. पूर्ण शीट तीस किलोच्या वर जाते, एका कपाटाचे तुकडे त्याच्या निम्मे धरा. आणि उरलेल्या दोन पट्ट्या कटिंगवाल्याकडे सोडून येऊ नका, पैसे तुम्ही पूर्ण शीटचे दिलेत. त्याही याच मापांत कापून घ्या, अस्संच आणखी एक कपाट निघतं.