हमीभाव, एफआरपी, उचल : नेमका अर्थ काय?

मिरजकर : सोयाबीनला 'हमीभाव' आणि उसालाही 'हमीभाव' असं बातम्यांत सर्रास लिहितात. दोन्ही एकच का?

वारणाकाठ : नाही. हमी कुणाच्या गळ्यात आहे ते बघा. सोयाबीनला २०२५-२६ साठी क्विंटलला ५३२८ रुपये ही किमान आधारभूत किंमत होती. अशी किंमत मिळते सरकारी खरेदी केंद्रावर, तेही आधी नोंदणी केली आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत भरला तर. बाजार समितीच्या यार्डातले सौदे त्याखाली निघतातच. म्हणून तिथं 'आधार' ठीक, 'हमी' म्हणणं जरा धाडसाचं.

उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, २००९ मध्ये एसएमपीच्या (वैधानिक किमान किंमत) जागी आली. ती कारखान्यावर कायद्यानं बंधनकारक. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे नाहीत, तर वर्षाला १५ टक्के व्याज. थकलेच तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र, काढतात आणि जिल्हाधिकारी महसुली थकबाकीसारखी वसुली करतात. सांगलीच्या हळदीला यातलं काहीच नाही. सौद्यात निघेल तो दर.

मिरजकर : मग एफआरपी पूर्ण हातात का पडत नाही?

वारणाकाठ : २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, पुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा १२ असेल तर तो १.७५ टक्क्यांनी जास्त, म्हणून १७.५ × ३.४६ = ६०.५५ रुपये वर. ३५५ मिळवून क्विंटलला ४१५.५५, म्हणजे टनाला ४१५५ रुपये ५० पैसे. हा दर कारखान्याच्या गेटवरचा. तोडणी-वाहतूक समजा ८५० कापली, की उरले ३३०५ रुपये ५० पैसे. पट्टीवर, म्हणजे ऊसबिलावर, ही कपात आणि उतारा आधी तपासावा. भांडण बहुतेक तिथंच असतं.

घाटमाथा : हमीवर एवढा कीस पाडताय, पण 'उणे सबसिडी' कुणी काढेना! साताऱ्यात जन्मलेले शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी हा शब्द सतत वापरायचे. सरकार निर्यातबंदी, साठामर्यादा, स्वस्त आयात करून भाव पाडतं. मोकळ्या बाजारात मिळाला असता तो भाव आणि हातात पडलेला भाव, यातली तूट म्हणजे उणे सबसिडी. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांदा निर्यातबंदी होती, लोणंदच्या बाजारात कांदा आणणाऱ्याला हा शब्द समजवावा लागत नाही. गरिबाला धान्य द्या, खात्यात पैसे द्या, पण तिजोरीतून. भाव पाडून दिलं तर ते शेतकऱ्याच्या खिशातून जातं. आणि दोन कारखान्यांत २५ किलोमीटर अंतराची अट ठेवून उसाला स्पर्धा कुठून येणार?

कोरेगावकर : अंतराचं पटतं. पण साखरेचा भाव पडला की मोकळा बाजार उसाला काय देतो? गाळपाला उशीर झाला तर फडातच वजन आणि उतारा घटतो. अडलेल्या माणसाची घासाघीस कसली? तिथं एफआरपीच आधाराला येते.

घाटमाथा : अडतो, कारण दुसरं गिऱ्हाईक नाही. पुन्हा अंतरावरच आलात.

कोरेगावकर : आलो, मान्य! आता 'उचल' घ्या. शेतकऱ्याची 'पहिली उचल' म्हणजे त्याच्याच उसाच्या पैशाचा पहिला हप्ता. ऊसतोड मजुराची 'उचल' म्हणजे मुकादमाकडून (मजुरांची टोळी आणणाऱ्याकडून) हंगामाआधी घेतलेली रक्कम, एका कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे. ती तोडणीतून फिटते; न फिटली तर पुढच्या हंगामावर चढते. एकाचं येणं, दुसऱ्याचं देणं. बातमीत नुसतं 'उचल वाढली' छापलं तर कुणाची, ते विचारावं.