सातबाऱ्यावर शिक्का पडायच्या आधी काय मागून घ्यावं?

कोरडवाहू_सिन्नर
नमस्कार मंडळी. मी सिन्नरच्या पूर्व भागातला. आयटीआय टर्नर, 11 वर्षं मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत लेथवर आहे आणि गेल्या निवडणुकीपासून ग्रामपंचायत सदस्य. आमच्याकडे एमआयडीसी येणार अशी हवा आहे. मोजणीवाले एकदा फिरून गेले, नोटीस अजून नाही. माझी पावणेतीन एकर, खालच्या अंगाला कांदा होतो, वर निव्वळ मुरूम.

ग्रामसभेत दोनच गोष्टी निघाल्या. एकरी किती, आणि घरटी एक नोकरी मिळणार का? दुसऱ्यावर पुढारी म्हणाले, "ऐंशी टक्के स्थानिक घ्यावेच लागतात, जीआर आहे." टाळ्या पडल्या. घरी येऊन मी तो 17 नोव्हेंबर 2008 चा शासन निर्णय वाचला. त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला माणूस. म्हणजे माझा पोरगा आणि गडचिरोलीचा पोरगा कंपनीच्या गेटवर सारखेच स्थानिक. गावाचं नाव त्यात कुठंच नाही.

समृद्धी महामार्गाच्या वेळी शेजारच्या गावांनी पाचपट घेतले, त्यामुळे लोकांचं सगळं लक्ष भावात आहे. मला विचारायचंय ते वेगळं. जमीन जाणारच असेल तर कामं गावात राहावीत म्हणून आत्ताच काय लिहून घेता येईल? का आपणच मुरमाच्या पट्ट्यात छोटी औद्योगिक वसाहत आखावी?

जुना_तलाठी
आधी क्रम समजून घ्या. एमआयडीसी कायद्याचं प्रकरण 6 लागू होतं, मग कलम 32(2) ची नोटीस येते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात शिक्का पडतो. हरकत घ्यायची वेळ तीच. सुनावणी होते. 32(1) ची संपादनाची अधिसूचना निघाली की जमीन शासनाची, नंतर कितीही मोर्चे काढा. दर संमतीनं ठरतो तेव्हा तुमच्या हातात थोडंफार वजन असतं, बाकीच्या मागण्या त्याच बैठकीत इतिवृत्तात घ्यायला लावा. तोंडी आश्वासनाची नोंद मी 31 वर्षांच्या नोकरीत कुठल्याच रजिस्टरला पाहिली नाही.

प्रकल्पग्रस्त दाखल्याचं 5 टक्के समांतर आरक्षण सरकारी नोकरीसाठी आहे. कंपनीचा एचआर तो दाखला बघतही नाही. गायरानावर काही आखत असाल तर गायरान दुसऱ्या कामाला द्यायला बंधन घालणारा 12 जुलै 2011 चा जीआर आधी वाचा.

रांजणगावची_सून
दादा, आमच्याकडे पैसे आले तेव्हा मी नवीन लग्न होऊन आलेली. पहिल्या वर्षी गाड्या आल्या, दुसऱ्या वर्षी देवळाचा कळस झाला. दिराला एका कंपनीत लावलं, पण ठेकेदाराकडून. सात महिने काम की ब्रेक, परत नवा गेटपास. कायम कोणीच नाही. भंगाराचा आणि पाण्याच्या टँकरचा ठेका मात्र गावातच राहिला, तोही दोन घरांत. त्यावरून डोकी फुटली.

सासूबाईंनी गावठाणाला लागून 11 गुंठे दिले नाहीत, हट्टानं. सगळे हसले होते. आज त्यावर 14 खोल्या आहेत आणि घर त्यांच्या भाड्यावर चालतं. दिराचा पगार त्याच्या निम्माही नाही.

दोन_लेथवाला
मीही मुसळगावातच. माझ्याकडे 9 जण, त्यातले 6 आसपासच्या गावांतले. जीआर आहे म्हणून ठेवलेले नाहीत. ते मोटारसायकलवर वीस मिनिटांत येतात आणि अर्जंट जॉब आला की रात्री थांबतात. लहान कारखाना गावातला माणूस घेतो, कारण त्याला तोच परवडतो. शंभर एकराचा प्लँट बसनं माणसं आणतो.

म्हणून मागणी नोकरीची न करता आराखड्याची करा. ठरावीक क्षेत्र लहान भूखंडांना आणि तयार गाळ्यांना, त्यात जमीन दिलेल्यांना आधी हक्क. भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो, पण पाच गुंठे मागायला गेलं की मोठेच शिल्लक असतात, हा माझा अनुभव.

स्वतः आखायचं तर सहकारी संस्था हा रस्ता तुम्ही रोज कामाला जाताना बघताच. प्रादेशिक योजनेत पट्टा औद्योगिक असेल तर महसूल कायद्याच्या 44-अ खाली आधी एनए (बिगरशेती) परवानगी लागत नाही, नंतर कळवावं लागतं. कोणीतरी मगरपट्टा सिटीचं उदाहरण देईलच. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकर एकत्र करून कंपनी काढली, खरं आहे. पण ते हडपसरला, पुण्याच्या अंगणात. आपल्याकडे आधी पाणी आणि थ्री फेज बघा.

कोरडवाहू_सिन्नर
सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या सासूबाईंचा किस्सा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

एक गोष्ट कोणीच बोललं नाही, मीही पहिल्यांदा लिहिली नाही. आमच्या गावात बरीच घरं भूमिहीन आहेत. कांदा लागवडीला आणि काढणीला हीच माणसं. जमीन गेली की त्यांची मजुरी पहिली जाणार आणि मोबदल्याच्या यादीत त्यांचं नाव नसणार. माझ्या शेतात लागवडीला येणाऱ्या मावशी ग्रामसभेत मागं बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. गाळ्यांच्या यादीत आणि कँटीन, साफसफाईच्या कामात बचत गटांना धरा, असं मी अर्जात घालतोय. चालेल का काका?

जुना_तलाठी
घाला. फक्त सदस्य म्हणून एकट्यानं देऊ नका, ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत जोडा. आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.