मदत हवी आहे: पोळपाट आणि चॉपिंग बोर्डचे जोड पाण्याने सुटतायत, डिंक पक्का कसा करायचा?

रंधापटाशी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिला धागा काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी लांज्याजवळ राहतो. सुतारकाम हा काही पिढीजात धंदा नाही, पण गेली दोन वर्षं मागच्या पडवीत पोळपाट आणि भाजी चिरायचे बोर्ड करून विकतो. वखारीत सागाचे आणि फणसाचे उरलेसुरले तुकडे स्वस्तात मिळतात, ते रंधून दीड-दोन इंचाच्या पट्ट्या करतो, त्या शेजारी शेजारी डिंकाने चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवतो, मग पॉलिश पेपर, मग तेल. दिसायला झकास होतात, खोटं का बोलू. पण गेल्या पावसाळ्यात केलेले १४ बोर्ड पुण्याला गेले आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यातले ५ परत आले. जोड टोकाकडून उघडलेत, एकात तर पाच रुपयाचं नाणं उभं जातं. आणि जिथे उघडलंय तिथे डिंक पांढरट, रबरासारखा, नखाने सोलून निघतो.

डिंक साधा पांढरा, सुतार वापरतात तोच. आतापर्यंत केलेले उद्योग: १) डिंकात थोडा पांढरा सिमेंट घालून बघितला, दगडासारखा झाला आणि पटकन तडकला. २) कुणीतरी सांगितलं बोरॅक्स घाल, घातला, तर डिंक लोंबायला लागला, ब्रशला चिकटून वर यायचा, पसरेचना. ३) एका बोर्डला दोन नळ्यांवालं इपॉक्सी लावलं, क्लॅम्प कचकचून आवळले, तर तो जोड सगळ्यात आधी सुटला!! इथे माझं डोकंच चालायचं बंद झालं.

तर प्रश्न असा की याच डिंकात काही घालून तो वॉटरप्रूफ करता येतो का, की डिंकच बदलायचा? बोर्डवर खायचं चिरतात हे पण लक्षात घ्या. फोटो टाकलेत, वरून, खालून आणि उघडलेल्या जोडाचा.

भुसाभरलेला:
फोटो बघितले. डिंकाला शिव्या नंतर घालू, आधी सांगा खाली त्या दोन आडव्या पट्ट्या कशाला? पाय म्हणून?

रंधापटाशी:
हो, ओट्यावर सरकू नये आणि खाली हवा राहावी म्हणून. त्या पण डिंकाने आणि वर चार चार स्क्रू. त्या मात्र एकदम घट्ट आहेत हो, एक पण हलली नाही.

भुसाभरलेला:
तिथेच तर घोळ आहे. फळी रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. तुम्ही पावसाळ्यात चिकटवलं, तेव्हा कोकणातल्या पडवीत लाकडात १६-१८ टक्के ओल सहज असते. तेच बोर्ड पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत गेलं की ओल निम्म्यावर येते, फळी रुंदीत आकसायला बघते आणि खालची आडवी पट्टी तिला हलू देत नाही. मग कुठेतरी फाटणारच, आणि टोकं आधी सुकतात म्हणून तिथूनच सुरुवात. पट्टी घट्ट राहिली म्हणून खूश होताय, ती घट्ट राहिली म्हणूनच बोर्ड फाटलं.

पट्टी ठेवायचीच तर डिंक अजिबात नको, मधोमध एक स्क्रू पक्का आणि कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट करा म्हणजे लाकूड सरकू शकेल. आमच्या जुन्या घराच्या दारांना मागची पट्टी खाचेत नुसती सरकवलेली असायची, डिंकाचा थेंब नाही, ती याचसाठी. किंवा सरळ चार रबरी बुटं ठोका, सुटलात.

आज्जीचा_पोळपाट:
+१. आणि म्हणूनच आमच्या आज्जीचा पोळपाट एकाच फळीचा होता, ना जोड ना भानगड. (मदत शून्य, माहीत आहे.)

रेझिनवाला:
पट्टीचं पटलं, पण डिंक रबरासारखा सोलून निघतोय ही वेगळी गोष्ट आहे, ती पण बघू. मी बोटींच्या फायबरच्या कामात आहे, त्यामुळे चिकटणं आणि सुटणं हेच रोजचं.

पांढरा डिंक म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बारीक कण. पाणी लाकडात जिरलं की कण एकमेकांत मिसळून फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, होतो. पण डब्यात ते कण गोळा होऊ नयेत म्हणून त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं आणि त्याला पाण्याचं फार प्रेम. वाळल्यावर पण ते आतच राहतं, म्हणून पाणी लागलं की फिल्म पांढरी पडते आणि मऊ होते. बोरॅक्स याच अल्कोहोलच्या साखळ्या (लांबच लांब रेणू) धरतो, पण ती पकड सुटते-जुळते अशी सैल असते, त्याने डिंक दाट झाला, वॉटरप्रूफ नाही. थोडक्यात तुम्ही पोरं खेळतात ते स्लाइम बनवलंत 😄 सिमेंटने तर फिल्मची लवचिकताच गेली.

पक्की पकड हवी तर साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या गेल्या पाहिजेत, क्रॉसलिंकिंग म्हणतात ते. हे घरी डब्यात काहीबाही घालून होत नाही, तसा तयार डिंक मिळतो. डब्यावर डी३ किंवा डी४ शोधा, ईएन २०४ या युरोपियन स्टँडर्डचे वर्ग आहेत. डी३ चा जोड ४ दिवस गार पाण्यात ठेवून मग ओढून तपासतात, डी४ चा ६ तास उकळून. धुऊन पुसून ठेवायच्या बोर्डला डी३ पुरतो. नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या डब्यावर माझा भरवसा नाही, वर्ग लिहिलेला असेल तरच घ्या. डी३ मधले बरेचसे आम्लधर्मी असतात, त्यामुळे लोखंडी क्लॅम्प जोडाला टेकला तर सागावर काळा डाग पडतो, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घाला.

आता इपॉक्सी. तुमचं ते कचकचून आवळणंच नडलं. पांढऱ्या डिंकाला दाब लागतो, इपॉक्सीला जोडात जाडी लागते. सगळं बाहेर पिळून काढलंत, उरलेलं लाकडाने पिऊन टाकलं, जोड उपाशी राहिला. आधी पातळ हात मारून मुरू द्यायचं, मग लाकडाच्या मैद्यासारख्या पिठाने दाट केलेलं लावायचं आणि क्लॅम्प जेमतेम टेकवायचा. हार्डनर, म्हणजे दुसऱ्या नळीतला घट्ट करणारा भाग, माप सोडून जास्त घालू नका, लवकर वाळत नाही, उलट जोड कायमचा मऊ राहतो. तरी खाण्याच्या वस्तूला मी इपॉक्सी सुचवणार नाही, आणि घरी जमवलेलं इपॉक्सी उकळत्या पाण्याने मऊ पण पडतं.

भुसाभरलेला:
एक टेस्ट करा. परत आलेला जोड पटाशीने पूर्ण उघडा आणि दोन्ही बाजू बघा. लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर डिंक जिंकला आणि लाकूड हरलं. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीवर डिंकाचा पापुद्रा असेल तर तो चिकटलाच नव्हता.

रंधापटाशी:
आत्ताच उघडला. फणसाच्या बाजूला डिंक बसलाय, एकदोन ठिकाणी पिवळे तंतू पण आलेत. सागाची बाजू मात्र आरशासारखी चकचकीत, रंध्याच्या खुणासुद्धा दिसतायत. पट्ट्या रंधून आठवडाभर तशाच रचून ठेवल्या होत्या, त्याने काही होतं का?

रेझिनवाला:
होतं म्हणजे काय, तेच झालंय. साग तेलकट, ठेवलेल्या सागाचं तेल पृष्ठभागावर येतं. पाण्याचा एक थेंब टाकून बघा, मण्यासारखा उभा राहिला तर डिंक पण तसाच वर तरंगणार. रंधा मारला की त्याच दिवशी चिकटवा, त्याआधी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा, पंधरावीस मिनिटं उडू द्या. पडवीत खेळती हवा आणि जवळ चूल-बिडी नको, भडका उडतो.

रंधापटाशी:
(तीन आठवड्यांनी) अपडेट द्यायचं राहूनच गेलं. थेंबाची गंमत घरच्यांना पण दाखवली. शिळ्या सागावर थेंब मोत्यासारखा, ताज्या रंधलेल्यावर हळूहळू पसरला. सहा तुकडे जोडले, तीन जुन्या डिंकाने, तीन डी३ ने, सगळे ताजे रंधून आणि पुसून. रात्रभर बादलीत, दिवसभर सावलीत, असं पाच वेळा. जुन्या डिंकाचे तिन्ही हाताने सुटले, पण या वेळी सागावर पण डिंक चिकटून होता. डी३ वाला एक पटाशी घालून फोडला तर जोडाच्या बाजूला लाकूडच फाटलं. खालच्या पट्ट्या बंद केल्या, रबरी बुटं लावली. आणि लाकूड आता घरात माळ्यावर महिनाभर ठेवून मगच घेतो, पावसात जोडकाम बंद.

अजून एक शंका. दुकानदाराने हौसेने डी४ साठीचा हार्डनर पण गळ्यात मारला, वजनाने ५ टक्के घाला म्हणाला. काल थोडा मिसळून उरलेला बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं, तर सकाळी बाटली फुगून गोल झालीय. फेकून देऊ?

रेझिनवाला:
आधी झाकण सैल करा!! तोंड लांब ठेवून, फडकं धरून, हळूहळू. तो हार्डनर म्हणजे आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, डिंकातल्या पाण्याशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. मिसळलेला माल उघड्या डब्यातच ठेवायचा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत संपवायचा, कालचा आता कामाचा नाही. हातमोजे घालत जा. आणि डी३ वर काम भागतंय ना, मग तो हार्डनर परत देऊन या.