अंदाज ऐकवला, पण अर्थ कोण सांगणार?

शेतकऱ्यांसाठी रेडिओवर हवामानाचा अंदाज देण्याचा विषय निघाला की ‘मोबाइलवर हवामान कळतंच, मग रेडिओ कशाला?’ असं विचारलं जातं. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात वीज जाते, मागोमाग मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. मग गोठ्यातल्या खुंटीला अडकवलेला दोन सेलचा रेडिओ तेवढा बोलतो.

रेडिओवरच्या अंदाजाची खरी अडचण भाषेची आहे. ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ ऐकून कोरडवाहू कपाशीवाला बी टोचून मोकळा होतो, आणि दुबार पेरणी पदरात येते. हवामान खात्याच्या हिशेबात ‘तुरळक’ म्हणजे फार तर पाऊस मोजणाऱ्या २५ टक्के केंद्रांवर, आणि ‘हलका’ म्हणजे २.५ ते १५.५ मिमी. पेरणीला ७५ ते १०० मिमी मुरलेला पाऊस लागतो. निवेदकाने अंदाजाला जोडूनच हे सांगायला हवं, तेही अहिराणीत किंवा लेवा बोलीत.

कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो रेडिओवर त्याच संध्याकाळी, गुरं बांधून झाल्यावर लावा आणि पहाटे पुन्हा. दुपारी लावला तर ऐकणारा शेतात असतो. केळीला थंडीचा चरका बसणार असेल तर ‘काळजी घ्या’ एवढ्याने भागत नाही. रात्री पाणी द्या, बांधावर धूर करा, घड झाका, असं नेमकं सांगा.