कागदपत्रे नसलेल्या शेजाऱ्यांनाही राज्याच्या सेवा मिळाव्यात का? न्यू जर्सीतील मराठी माणसांसाठी टोपणनावांनी लिहिलेली चर्चा

रारिटनकाठ

आमच्या घरी आठवड्याला चाळीस पोळ्या येतात. त्या करून देणाऱ्या काकू एडिसनमध्ये एका तळघरातल्या खोलीत राहतात. इथल्या कितीतरी मराठी घरांची संध्याकाळ त्यांच्या तव्यावर चालते. गेल्या जानेवारीत त्या पिशवी द्यायला आल्या, तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटाला ओढणीचा तुकडा गुंडाळलेला होता. कुकरची वाफ लागून चार दिवस झाले होते आणि कापड जखमेला चिकटले होते. हाताला जोर देता येत नसल्यामुळे पोळ्या एका बाजूला जाड राहिल्या होत्या, आणि त्याबद्दल त्याच आमची क्षमा मागत होत्या. इस्पितळात का गेला नाहीत, असे विचारल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "नाव लिहून घेतील." त्यांच्या व्हिसाची मुदत उलटून नऊ वर्षे झाली आहेत.

त्यांना ठाऊक नव्हते, आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हते, की १९८६ च्या संघराज्याच्या कायद्यानुसार आपत्कालीन कक्षात आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे इस्पितळांवर बंधनकारक आहे. रुग्णाकडे पैसे किंवा विमा आहे का, तो कोणत्या दर्जाने देशात आहे, यावर ते अवलंबून नसते. न्यू जर्सीत 'चॅरिटी केअर' नावाची सोय आहे. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांचे इस्पितळाचे बिल तीत पूर्ण माफ होते आणि तिपटीपर्यंत काही अंशी. मे २०२१ पासून या राज्यात स्थलांतराचा दर्जा न पाहता वाहन परवाना मिळतो, आणि जानेवारी २०२३ पासून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या १९ वर्षांखालील प्रत्येक मुलाला, त्याच्याकडे कागद असोत वा नसोत, राज्याचा आरोग्य विमा मिळतो.

हे कायदे आपोआप झालेले नाहीत. गिरजाघरे, कामगार संघटना आणि प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसे वर्षानुवर्षे राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, खेटे घालत राहिली, तेव्हा ते झाले. आपण मराठी माणसे त्या गर्दीत जवळजवळ नव्हतोच, कारण हा आपला प्रश्न नाही असे आपण धरून चाललो. माझे म्हणणे असे आहे की तो आपलाही प्रश्न आहे, आणि ज्यांच्या नागरिकत्वाला आता धक्का लागणार नाही अशा आपल्यासारख्यांनी आपल्या आमदारांना या कायद्यांच्या बाजूने उघडपणे पत्रे लिहिली पाहिजेत.

चौदा वर्षे

काकूंच्या हाताबद्दल वाचून वाईट वाटले, आणि त्यांच्यावर उपचार व्हायला हवे होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही आपल्या मुख्य मुद्द्याला माझा विरोध आहे, आणि तो कोरडेपणातून आलेला नाही.

मी ग्रीन कार्डची वाट पाहत चौदा वर्षे एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर काढली. पत्नी एम.एस्सी. झालेली, परंतु मे २०१५ मध्ये एच-४ धारकांना (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांना) कामाची परवानगी मिळू लागेपर्यंत तिने घरी बसून काढले. आमची थोरली मुलगी लहानपणीच इथे आली. २१ पूर्ण होताच ती आमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर पडली आणि तिला परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा घ्यावा लागला. या काळात आम्ही एकही नियम मोडला नाही. वडील गेले तेव्हा पासपोर्टवर व्हिसाचा चालू शिक्का नव्हता म्हणून मी भारतात गेलो नाही, कारण गेलो असतो तर परत येण्याची खात्री नव्हती. एवढे सोसलेल्या माणसाला जेव्हा सांगितले जाते की रांगेत उभा असलेला आणि नसलेला यांच्यात राज्याने भेद करू नये, तेव्हा ती रांग पाळण्याला काय अर्थ उरला, हा प्रश्न त्याने विचारला तर चूक काय?

दुसरे असे की अशा सवलतींची जाहिरात गावोगावचे दलाल करतात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात परत पाठवलेले १०४ भारतीय होते, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. अशा कुटुंबांनी जमिनी विकून दलालांना पैसे दिलेले असतात. 'तिथे पोचलात की सगळे मिळते' हे वाक्य त्या दलालांच्या तोंडी आपणच घालू नये.

रारिटनकाठ

आपल्या मुलीबद्दल आपण लिहिलेत, त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. तो अन्यायच आहे. मात्र तो अन्याय काकूंनी केलेला नाही. नोकरीवर आधारित वर्षाची १,४०,००० ग्रीन कार्डे आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, हे गणित काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केले आहे आणि त्यातून आपली चौदा वर्षे गेली. काकूंसाठी तर रांगच नव्हती म्हटले तरी चालेल. अकुशल कामगारांच्या वर्गाला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा, आणि त्यासाठीही आधी मालकाने अर्ज करायला हवा. पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी कोण अर्ज करणार?

कायदा पाळण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण कायद्याची रेषा आपल्या बाबतीतही हललेली आहे हे विसरू नये. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिक होता येणार नाही असे ठरवले आणि आधी नागरिक झालेल्या अनेकांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. ते लोक एका निकालाने रांगेबाहेर फेकले गेले. १९४६ मध्ये वर्षाला फक्त १०० भारतीयांना येण्याची मुभा मिळाली, आणि १९६५ च्या कायद्यानंतरच आपल्यापैकी बहुतेकांचे इथे येणे शक्य झाले.

मिडलसेक्सची परिचारिका

मी या जिल्ह्यातल्या एका इस्पितळाच्या आपत्कालीन कक्षात रात्रपाळी करते. ही चर्चा फक्त कागद नसलेल्यांची आहे असे दोघेही धरून चालला आहात, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी सत्तरीतले एक मराठी आजोबा रात्री दीडला आले. मुलगा नागरिक, आजोबांकडे ग्रीन कार्ड, सगळे कायदेशीर. मुलगा गाडी लावायला गेला होता. दूरध्वनीवर मराठी दुभाषा मिळाला नाही, म्हणून हिंदीचा दिला. आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "जीव घाबरा होतोय." पलीकडून इंग्रजीत सांगितले गेले की त्यांना भीती वाटते आहे, आणि त्याप्रमाणे नोंद झाली. मी शेजारच्या खाटेवर होते, ते शब्द कानावर पडले म्हणून धावले. छातीत धडधडून श्वास कोंडला की आपला माणूस 'जीव घाबरा होतो' म्हणतो, हे हिंदी दुभाष्याला कळायचे कुठून? ईसीजी काढला तेव्हा वीस मिनिटे गेली होती. आजोबा वाचले.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारावर सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी भाषेची सोय करावी, अशी इथली रीत आहे. ऑगस्ट २००० मधल्या ज्या अध्यक्षीय आदेशाने तिला बळ दिले होते, तो मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये स्वतःचा कायदा केला आहे, त्यानुसार राज्याच्या खात्यांनी महत्त्वाची कागदपत्रे इंग्रजीखेरीज सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या सात भाषांत द्यायची आहेत. मराठीची त्यात गणती व्हायची असेल तर जनगणनेच्या सर्वेक्षणात घरची भाषा 'मराठी' अशी लिहा, 'हिंदी' किंवा 'इंडियन' नको. एवढे तरी सर्वांनी करावे.

आणखी एक. १९९६ च्या कायद्यामुळे ग्रीन कार्ड असलेल्यांनाही संघराज्याच्या बहुतेक मदतीसाठी पाच वर्षे थांबावे लागते. आई-वडिलांना इथे कायमचे आणणाऱ्या प्रत्येक मराठी घराला हा नियम कधी ना कधी आडवा येतो. स्थलांतरितांच्या सेवा कापण्याची भाषा सुरू होते तेव्हा कात्री इथपर्यंत पोचते.

गिरगावकर

मी मुंबईतून लिहितो आहे, त्यामुळे तिथल्या कायद्यांबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु तत्त्वाचा प्रश्न आहे. मुंबईच्या पालिका इस्पितळांत पहाटेपासून रांगा लागतात, आणि स्थानिक माणसाला खाट मिळत नाही तेव्हा त्याच्या मनात येणारा राग खोटा नसतो. ज्या समाजाने कर भरून सोयी उभ्या केल्या, त्याचा त्यांवर पहिला हक्क आहे असे मी मानतो. न्यू जर्सीतल्या मूळ रहिवाशांनाही तसे वाटत असेल, तर त्यांना निर्दय ठरवू नये.

रारिटनकाठ

मी कोणालाही निर्दय म्हटलेले नाही. मात्र कर भरण्याचा मुद्दा तपासून पाहावा. या राज्यात शाळा मोठ्या प्रमाणावर मालमत्ता करावर चालतात, आणि तळघराचे भाडे देणारा प्रत्येक माणूस घरमालकामार्फत तो कर भरत असतो. कर आणि आर्थिक धोरण संस्थेच्या अंदाजानुसार कागदपत्रे नसलेल्यांनी २०२२ मध्ये देशभरात सर्व मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला.

मुंबईबद्दल म्हणाल, तर तत्त्व मला तिथेही तेच लागू वाटते. जून २०२१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एक देश, एक रेशनकार्ड' ही कुठल्याही राज्यात रेशन मिळण्याची योजना सर्व राज्यांनी लागू करावी असा आदेश दिला. त्याचा उपयोग मुंबईतल्या बिहारी मजुराला होतो, तसाच ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणाऱ्या बीडच्या जोडप्यालाही होतो.

चौदा वर्षे

परिचारिकाताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे सासरेही ग्रीन कार्डवर आहेत आणि त्या पाच वर्षांतले तिसरे चालू आहे. त्या नियमाकडे मी या चर्चेच्या संदर्भात कधी पाहिले नव्हते.

वाहन परवान्याबाबत मी माझे मत बदलतो. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये असे परवाने सुरू केल्यावर धडक देऊन पळून जाण्याचे प्रकार ७ ते १० टक्क्यांनी घटले आणि एकूण अपघात वाढले नाहीत, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळले आहे. ज्याच्याकडे परवाना आहे तो थांबतो. हे पटण्यासारखे आहे. मुलांच्या विम्यालाही माझी हरकत नाही. परंतु प्रौढांना राज्याच्या खर्चाने कायमचा विमा देण्याला माझा विरोध राहील, आणि आमदारांना पत्र लिहिलेच तर त्यात मी एच-४ वरच्या मुलांचा प्रश्नही घालावा असा आग्रह धरीन. त्याशिवाय मी सही करणार नाही.

रारिटनकाठ

तो प्रश्न पत्रात पहिल्याच परिच्छेदात घालू. मसुदा रविवारपर्यंत आपल्याकडे पाठवते.

काकूंच्या परवान्यासाठी कागद जमवायला घेतले आहेत. ओळखपत्रांचे सहा गुण भरावे लागतात, आणि त्यांचा भारतीय पासपोर्टही संपलेला आहे. त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडे करावा लागेल. फॉर्मवर 'अमेरिकेतील सध्याचा दर्जा' असा रकाना पाहिल्यावर त्यांनी तो दुमडून पोळ्यांच्या पिशवीत ठेवला आणि "पुढच्या आठवड्यात बघू" असे म्हणून परत नेला.