मदत हवी आहे: रिजक्रेस्टच्या सेरो कोसो कॉलेजात नाव घालावं का? एच-४ व्हिसावर आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅलिफोर्नियात रिजक्रेस्टला राहतो. मोहावी वाळवंटातलं अठ्ठावीस-एकोणतीस हजार वस्तीचं गाव. गाव आहे ते नौदलाच्या चायना लेक तळामुळे. १९४३ साली इथे रॉकेटच्या चाचण्यांसाठी तळ उघडला, साइडवाइंडर क्षेपणास्त्र इथेच घडलं. अकरा लाख एकरांहून जास्त जमीन एकट्या तळाकडे आहे. डोक्यावरून विमानं गेली की माझा तीन वर्षांचा मुलगा अजूनही कानावर हात ठेवतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर. लॉस एंजेलिस दीडशे मैलांवर.

आम्ही तळाचे कोणी नाही. नवरा डॉक्टर आहे. मिशिगनमध्ये जे-१ या एक्सचेंज व्हिसावर रेसिडेन्सी (डॉक्टरांचं प्रशिक्षण) झाली. मायदेशी दोन वर्षं परत जाण्याची अट माफ व्हावी म्हणून डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं, त्यातून आम्ही इथे आलो. गेल्या जुलैच्या सुरुवातीला. त्याचा एच-१बी म्हणजे कामाचा व्हिसा, माझा एच-४ म्हणजे त्याच्या जोडीदाराचा. तीनातलं एक वर्ष आता संपेल.

मी मूळची राजापूरची. डी.एड. केलं, मग मुंबई विद्यापीठाचं बी.ए., आणि लग्नाआधी चार वर्षं गावात बालवाडी चालवली. पोरांना मातीत अक्षरं गिरवायला लावायची, चिंचोके मोजायचे, हे माझं काम. ते सोडून सहा वर्षं झाली, आणि आता हात रिकामे आहेत हे रोज जाणवतं.

गावाच्या दक्षिणेला रस्ता चढत जातो, त्या चढावर सेरो कोसो कम्युनिटी कॉलेज आहे. सरकारी, दोन वर्षांचं, १९७३ चं. केर्न कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टच्या कॉलेजांपैकी एक, बेकर्सफील्ड आणि पोर्टरव्हिल ही त्याची भावंडं. पसारा असा की अठरा हजार चौरस मैलांचा मुलूख या एका कॉलेजाकडे. आमच्या रत्नागिरीएवढे पाच जिल्हे त्यात सहज मावतील. तेहाचापी, लेक इसाबेला, पार वर सिएराच्या डोंगरात बिशप आणि मॅमथ लेक्स, सगळीकडे याच कॉलेजाची केंद्रं. माणसं एवढी पांगलेली म्हणून ऑनलाइन वर्ग यांनी इतरांच्या कितीतरी आधी सुरू केले. मागच्या आठवड्यात मुलाला घेऊन वर जाऊन आले. समोर सगळं खोरं आणि पलीकडे सिएराची रांग. आमच्या सड्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. (इथल्या कोसो डोंगरांत कातळावर कोरलेली हजारो चित्रं आहेत, रानमेंढे, शिकारी. ती तळाच्या हद्दीत असल्याने परवानगीशिवाय जाता येत नाही. पण राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं पाहत वाढलेल्या मला ती इथे असावीत याचं फार अप्रूप वाटतं.)

मला तिथे चाइल्ड डेव्हलपमेंट शिकायचं आहे. आता प्रश्न.

१. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी ४६ डॉलर प्रति युनिट (अभ्यासाचं माप) आहे, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला. बाहेरच्यांना कितीतरी पट. मिशिगनमधली मैत्रीण ठामपणे म्हणते की व्हिसावर असाल तर तुम्ही परदेशी विद्यार्थीच, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्या आणि मोठी फी भरा. खरं आहे का?

२. माझं डी.एड. आणि बी.ए. धरतात का, की सगळं पहिल्यापासून?

३. दोन वर्षांनी नवऱ्याची मुदत संपेल. तेव्हा कुठे जाऊ माहीत नाही. अर्धवट राहिलं तर ते युनिट वाया जातील का?

४. हा प्रश्न कॉलेजाचा नाही, पण तोच मला झोपू देत नाही. मी चौतीसची आहे. शेजारी अठरा वर्षांची पोरं बसतील. जमेल का?

---

प्रतिसाद १

ताई, मैत्रिणीचं चुकतंय. मी बे एरियात एच-४ वरच कम्युनिटी कॉलेज केलं, एफ-१ कधी घेतला नाही. एच-४ वर पूर्णवेळ, अर्धवेळ, कसंही शिकता येतं. ऑनलाइन वर्गांची मर्यादा एफ-१ वाल्यांना असते, तुम्हाला नाही.

फीचं असं आहे: काही व्हिसांवर कॅलिफोर्नियाचं रहिवासी होता येत नाही, बी (पर्यटक), एफ, जे त्यात येतात. एच-१बी आणि एच-४ वर होता येतं. सेमिस्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राज्यात राहून एक वर्ष पूर्ण झालेलं हवं, आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसायला हवा. ड्रायव्हिंग लायसन, घरभाड्याचा करार, बँक, आणि मुख्य म्हणजे कॅलिफोर्नियाचा टॅक्स रिटर्न. तुम्ही जुलैत आलात, फॉल सेमिस्टर ऑगस्टमध्ये. बसताय की! रिटर्न दोघांच्या नावाने भरला असेल तर तो आधी काढून ठेवा. अर्जात व्हिसाचा प्रकार नीट लिहा. माझ्या अर्जात तो रकाना चुकला आणि पहिल्या सेमिस्टरला परक्याची फी लागली, ती परत मिळवायला तीन महिने गेले.

---

प्रतिसाद २

मी लँकेस्टरला प्रीस्कूलमध्ये शिकवते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

पूर्ण पदवीच्या ६० युनिटांचं दडपण आत्ता घेऊ नका. परवानाधारक खाजगी प्रीस्कूलमध्ये शिक्षिका व्हायला १२ युनिट आणि सहा महिन्यांचा अनुभव पुरतो, पण युनिटांत मुलांची वाढ व विकास, मूल-कुटुंब-समाज आणि अभ्यासक्रम हे विषय हवेत. राज्याची चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट वेगळी. असोसिएट टीचरला १२ युनिट आणि ५० दिवसांचा अनुभव, टीचरला २४ युनिट, शिवाय सामान्य विषयांचे १६ युनिट आणि १७५ दिवस. पहिल्या सेमिस्टरला दोनच विषय घ्या.

डी.एड.चं मूल्यांकन करून घ्या, पण विषयवार. नुसता 'ही पदवी अमक्याच्या तोडीची' असा शेरा उपयोगी पडत नाही. बी.ए.च्या ट्रान्सक्रिप्टसाठी घरच्या कोणाला तरी कलिन्याला विद्यापीठात खेपा माराव्या लागतील, आजच सांगा. सामान्य विषयांचे युनिट बी.ए.मधून सुटले तर तुमचं निम्मं ओझं गेलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ईएडी (कामाचा परवाना) हातात नसेल तर पगारी काम नाही, आणि जे काम एरवी पगारी असतं ते 'स्वयंसेवक' म्हणून फुकटही करू नका. एच-४ ला ईएडी साधारणपणे नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झाल्यावरच मिळतं. ते कुठवर आलंय ते विचारा, कारण अनुभवाचे दिवस त्यावर अडतील. अभ्यासक्रमातलं प्रॅक्टिकम (मुलांच्या वर्गातला प्रत्यक्ष सराव) करता येईल का, हे मात्र वकिलाला विचारून मग.

---

प्रतिसाद ३

युनिट वाया जात नाहीत. कॅलिफोर्नियात राहिलात तर ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी घेऊन कॅल स्टेटमध्ये (राज्याच्या सरकारी विद्यापीठांत) जागा पक्की असते, १२ युनिट झाले तर तेही कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात पुढे चालतात. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथलं कॉलेज ठरवतं, म्हणून प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवा. आम्ही टेक्सासला गेलो तेव्हा त्यावरच माझे नऊ युनिट वाचले.

वयाचं म्हणाल तर मी एकोणचाळीसची होते. संध्याकाळच्या वर्गात माझ्या एका बाजूला नोकरी करून येणारा माणूस, दुसऱ्या बाजूला दोन मुलांची आई. तुमच्याकडे तर तळावरची माणसं, सैनिकांच्या बायका असतील. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या. तुमच्यासारख्याच.

---

धागाकर्ती

तिघींचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या इथे माझ्याशिवाय इतक्या जणी असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

टॅक्स रिटर्न सापडला, दोघांचं नाव आहे. आय-१४० अजून भरलेलंच नाही, तेव्हा परमिटचे दिवस लांब आहेत, पण युनिट तरी सुरू होतील. भाऊ सोमवारी कलिन्याला जातोय. काउन्सेलरची वेळ गुरुवारची मिळाली आहे. मुलांची वाढ व विकास हा विषय वर्गात बसून आणि मूल-कुटुंब-समाज ऑनलाइन, असं ठरवते आहे.

एकच राहिलं: डी.एड.ची गुणपत्रकं पुण्याच्या परीक्षा परिषदेची आहेत. ती मूल्यांकनासाठी बंद पाकिटातून थेट पाठवून घेतली आहेत का कोणी? किती दिवस लागले?